कान जायच्या आधी

किसन गेला हे मला कुणी बोलून सांगितलं नाही, हातांनी सांगितलं. आमच्या हॅमर शॉपमध्ये बोलायची सोयच नाही. एका छपराखाली चार-चार हॅमर तापलेल्या लोखंडावर दणके देत असतात, भट्ट्या घोंघावत असतात, पायाखालची जमीन हादरत असते. तिथे तोंड उघडून उपयोग काय? म्हणून आम्ही सगळे खुणांनी बोलतो. दोन बोटं म्हणजे दोन दणके, मूठ म्हणजे थांब, कपाळाला तळहात म्हणजे साहेब आला. प्रत्येकाचं खुणेतलं नावही असतं. मिशीला पीळ दिला की किसन. दीड महिन्यापूर्वी फर्स्ट शिफ्टला आमचा मालवणकडचा दोस्त परब हॅमरच्या पलीकडे येऊन उभा राहिला, त्याने मिशीला पीळ दिला आणि तळहात उताणा करून खाली सोडला. मला वाटलं, किसन आज कामावर आला नाही असं सांगतोय. मी मान डोलावली आणि पुढचा तुकडा सांडशीत धरला. परब हलेना. त्याने पुन्हा मिशीला पीळ दिला, पण या वेळी हात मिशीवरच राहिला... मी मूठ वर केली. हॅमर थांबला.

सकाळी बूट घालायला दारात बसला तो उठलाच नाही, असं नंतर कळलं. हार्ट. पन्नाशीही गाठली नव्हती हो. मी मयताला रडत नाही असा आमच्या गावात माझा लौकिक आहे. त्या दिवशी पिंपरीत, किसनच्या दारात, तो लौकिक गेला तो गेलाच.

मी चिंचवडचा, जुन्या गावातला. जिथे आमची बाजरी उभी असायची तिथे कंपनीची भिंत आली आणि वावराच्या बदल्यात मला नोकरी मिळाली. किसन उस्मानाबादकडून आलेला. बासष्ट-त्रेसष्ट साली आम्ही पुढेमागे लागलो आणि एकाच हॅमरवर पडलो. मी सांडशी धरायची, त्याने हॅमरचा दांडा सांभाळायचा. माझी बोटं शाबूत आहेत ती त्याच्यामुळे. मी तापट, लगेच हमरीतुमरीवर येणार, तो थंड. फोरमनशी माझं वाजलं की किसन मागे उभा राहून फोरमनचीच नक्कल अशी काही करायचा की माझा राग हसण्यात जायचा, आणि मग फोरमन आणखी चिडायचा. त्या काळात कानात घालायला कापसाचे बोळे, तेही मशीन पुसायच्या कापसाचे. शिफ्ट सुटल्यावर अर्धा तास कान भरलेले असायचे, त्यामुळे कँटीनमध्येही आमचं टेबल हातांनीच गप्पा मारायचं. दुसऱ्या शॉपची पोरं बघत बसायची. म्हणायची, आले मुके.

त्याच टेबलावर एकदा, कान मोकळे झाल्यावर, परबने समुद्र काढला. या माणसाला भाकरीचा तुकडा दिसला तरी समुद्र आठवतो. म्हणाला, “आमच्याकडे गादे येतत. आदी आयकाक येतत, मगे दिसतत.” किसन घास थांबवून म्हणाला, “गाद्या? समिंदरात गाद्या टाकतेत व्हय?” टेबल फुटलं हसून. मी तर पाणीच सांडलं. मग परबने समजावलं, गादे म्हणजे डॉल्फिन. मासा दिसतो, पण मासा नव्हे. आपल्यासारखा हवेत श्वास घेतो. वर येऊन ‘फुस्स’ करून श्वास सोडतो, आणि समुद्र शांत असला की तो श्वास आधी कानावर येतो. किसन परबच्या ओठांकडे टक लावून बघत होता. “म्हंजी एवढं थोरलं जनावर पाण्यात ऱ्हातंय आन् आपल्यागत दम घेतंय?” त्या दिवसापासून गाद्या हे त्याचं टेबलावरचं नाव पडलं. आम्हाला वाटलं, गडी विनोद करतो.

विनोद नव्हता. काही महिन्यांनी सायकल स्टँडवर त्याने मला थांबवलं. कंपनीच्या डॉक्टरांनी कान तपासले होते. उजवा गेल्यातच जमा, डावा वर्ष, फार तर दोन वर्षं. मी उगाच सायकलच्या चाकाची हवा बघत बसलो. तो म्हणाला, “राव, मला कानाचं दुःख न्हाई. शॉपमधी तसं बी कोण ऐकतंय? पर एक वाटतंय बघ. दहा वर्सं नुसता हाणायचा आवाज ऐकला. कान जायच्या आधी त्या गाद्याचा दम ऐकू दे. जित्या जनावराचा. एकदाच.” मी म्हणालो, “एवढंच ना? नेतो तुला.” म्हणालो खरा, पण मी तरी कुठे समुद्र पाहिला होता! माझी मजल पवनेच्या डोहापर्यंत.

ठरलं असं की दिवाळी झाली की मुंबईहून आगबोटीने परबच्या मुलखात जायचं. बोटीवरून जी जनावरं दिसतील ती बघायची आणि मग परबच्या आत्याकडे चार दिवस आराम करायचा. आत्याचं घर खाडीच्या तोंडाशी एका बेटावर होतं. पाच-सहा उंबरे, रस्ता नाही, दिवे नाहीत. त्या बेटाला परबच्या भाषेत जुवा म्हणतात, आणि तिथेच माझी फजिती झाली. रजेच्या अर्जात मी सरळ लिहिलं, ‘कारण : जुव्यावर जाण्यासाठी.’ टाइम ऑफिसमधल्या पुणेकर क्लार्कने चष्मा वर केला. “अहो, निदान कारण तरी खोटं लिहा!” मी बेट, खाडी, आत्या सगळं सांगितलं, त्याला काही ते पटलं नाही. आठवड्यात बातमी गावभर. आम्ही तिघे जुगाराच्या मोठ्या अड्ड्यावर चाललोय! आमची आई उंबऱ्यात आडवी उभी राहिली. “वावर गेलं. आता काय हाय घालवायला? बायकू?” आमच्या हिला तर पाण्याचीच भीती, ती म्हणाली, मी काही येत नाही, तुम्ही जिंकून या. शेवटी शेवंतावहिनी, म्हणजे किसनची बायको, घरी आल्या. आईला म्हणाल्या, “मी बी चाललेय संगं. मी असताना कसले पत्ते?” तेव्हा कुठे आई बाजूला झाली. अर्जावर मी ‘घरगुती काम’ लिहून आलो.

भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि अर्ध्या तासात माझा ग्रंथ आटोपला. पोटात होतं-नव्हतं ते सगळं अरबी समुद्राला अर्पण. डेकवर सतरंजी टाकून मी आडवा पडलो आणि परब, किसन, वहिनी कठड्याला. किसनचे डोळे मात्र घारीचे. परबच्या आधी त्यालाच सगळं दिसायचं. पाण्यातून उडून पाण्यावरून भिरभिरत जाणारे मासे, पिवळ्या पट्ट्यांचा समुद्रसाप, पाठीवर ऊन घेत तरंगणारं घमेल्याएवढं कासव, मासा पायात धरून चाललेला पांढऱ्या पोटाचा गरुड. प्रत्येक वेळी तो धावत यायचा, मला बखोटीला धरून कठड्याशी न्यायचा, मी तिथे पुन्हा ओकायचो आणि तो पाठीवर हात फिरवत म्हणायचा, “बघितलास का? बघितलास का न्हाई?” दुपारी गादे दिसले. लांबवर, काळ्या पाठींची रांग, एकामागे एक वर येऊन बुडत चाललेली. डेकवरची माणसं ओरडली, सगळी एका बाजूला गोळा झाली. पण बोटीच्या इंजिनाची धडधड अशी की शेजारचा माणूस ऐकू येईना. किसनने हात कानाशी नेला, मग मान हलवली. “हितं बी हॅमरच हाय की रं!” हसला, पण मला ते हसू आवडलं नाही. आता काय ते जुव्यावर, मी मनात म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बंदरातून खाडीत, आणि खाडीतून होडीने जुव्यावर. खोपटाएवढं घर, माडांची सावली, अंगणातून दहा पावलांवर पाणी. परबची आत्या सत्तरीची, पाठीत वाकलेली, पण वल्हं मारण्यात परबला भारी. पहिल्या पहाटे पाचला आम्ही तिघेही ताडकन उठून बसलो. भोंगा झाला नव्हता म्हणून! मी तर पायजम्याची नाडी आवळून दारापर्यंत गेलो होतो. आत्या चुलीपुढून म्हणाली, “खंय धावतास, पावण्यांनू? हयसून जावक रस्तोच नाय.” मग आम्ही पुन्हा आडवे झालो. आराम म्हणजे काय ते मला तिथे कळलं. सकाळी पेज, दुपारी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, कालवण, मग माडाखाली खाटेवर. घड्याळ परबच्या ट्रंकेत. तिसऱ्या प्रहरी खडकांवर पाणमांजरांचं कुटुंब यायचं, आई आणि तीन पिल्लं, मासे खाऊन झाले की अंग चाटत बसायची. किसन तासन् तास त्यांच्यासमोर. गप्पा तोच मारायचा, गावाकडच्या, आटलेल्या विहिरींच्या, आणि आम्ही ऐकायचो. बोलताना आमचे हात चालायचेच, ती सवय जुव्यावर येऊनही सुटली नव्हती. आत्या परबला विचारायची, ह्ये दोगव नाचतत कित्या? वहिनी पदराआड हसायच्या. मी त्यांना इतकं मोकळं हसताना पिंपरीत कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी परब म्हणाला, आज पाणी तेलासारखं आहे, चला. उन्हं नुकतीच माडांच्या शेंड्याला लागली होती. परब वल्ह्यावर, मी टोकाला, मधल्या फळीवर किसन आणि वहिनी. खाडीच्या तोंडाशी परबने वल्हं उचलून होडीत ठेवलं आणि बोटाने गप्प राहायला सांगितलं. इतकी शांतता मी आयुष्यात अनुभवली नव्हती. वल्ह्यावरून गळणारे थेंब मोजता येत होते. बराच वेळ काही नाही. माझा धीर सुटत चालला होता, मी मनात देवाला शिव्या द्यायला सुरुवात केली होती... आणि माझ्या पाठीमागे, अगदी हातभरावर, ‘फ्फुऽस्स’. एखादी म्हैस डोहातून वर येऊन श्वास सोडते ना, तसा, पण त्याहून मऊ. अंगावर काटा आला. वळून बघतो तो करडी पाठ वाकून पाण्यात चालली होती. मग डावीकडे एक, मग पुढे दोन, एक मोठी आणि तिच्या कुशीला एवढंसं पिल्लू; त्याचा श्वासही एवढासाच. वहिनी घाबरून किसनला बिलगल्या होत्या, तोंड त्याच्या मानेशी. मी संकोचाने नजर वळवली. गादे जातील म्हणून बोलायची चोरी. मी किसनला खूण केली, आमची शॉपमधली, कानाशी बोट नेऊन मनगट फिरवायची. त्याने ताबडतोब नाकाच्या शेंड्याला बोट लावलं, म्हणजे हो. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. परबही रडत होता, मीही. होडीत चार माणसं आणि चौघंही रडतायत, बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, यांचं कोण गेलं?

परत आल्यावर किसनने कँटीन डोक्यावर घेतलं. गाद्याचा दम कसा, म्हणून कुणीही विचारलं की डोळे मिटून, तळहात तोंडासमोर धरून तो असा हुबेहूब आवाज काढायचा की परबही मान डोलवायचा. मोठ्याचा वेगळा, पिल्लाचा वेगळा. दुसऱ्या शॉपची पोरं मुद्दाम ऐकायला यायची. पुढे डावा कानही गेला, त्याला हॅमरवरून काढून स्टोअरला बसवलं, माझ्यासमोर दुसरा माणूस आला. मला वाईट वाटायचं, पण एक समाधान होतं. दोस्ताचा शब्द मी वेळेत पाळला होता. कान जायच्या आधी त्याने ऐकून घेतलं होतं. दहा वर्षं हे समाधान मी मिरवलं, खोटं कशाला बोलू? चार माणसांत सांगायचो, मी नेला त्याला.

गेल्या रविवारी वहिनींकडे गेलो होतो. एकट्याच होत्या. इकडचं-तिकडचं झालं, मग मी माझं ठेवणीतलं काढलं. म्हणालो, “वहिनी, एवढं तरी बरं झालं. ऐकायचं ते त्याने ऐकून घेतलं.” वहिनी ताटातले तांदूळ निवडत राहिल्या. मग ताट बाजूला ठेवून म्हणाल्या, “भाऊजी, आता सांगायला हरकत न्हाई. त्यांना न्हाई ऐकू आलं.”

मी म्हणालो, “असं कसं? मी विचारलं होतं त्याला, होडीत.”

“तुमची रजा मंजूर झाली ना, त्याच आठवड्यात डावा बी गेला. दिवाळीचे फटाके दारात उडालेले कळले न्हाईत त्यांना. मी म्हणलं, भाऊजींना सांगा, कशाला उगं एवढ्या लांब? तर म्हणाले, त्यो माझ्यापायी गावाचं बोलणं खातोय, आईचं बोलणं खातोय. आता न्हाई म्हणलं तर त्यो मोडंल.” वहिनींनी ताट आणखी मागे सारलं. “होडीत पहिलं जनावर वर आलं, तुम्ही सगळे वळलात, आन् ह्यांना पत्ताच न्हाई. समोर बघत बसलेले. मला बघवंना हो. मग मी त्यांच्या मानंवर फुंकर मारली. त्या जनावरागत. दुसरं आलं, परत मारली. पिल्लू आलं तवा बारीक मारली. त्यांना कळलं.” मग त्यांनी सांगितलं की उरलेला दिवस माडाखाली त्या त्याच्या तळहातावर फुंकर मारत होत्या आणि तो त्यांच्या तळहातावर, त्या ‘तसंच, अगदी तसंच’ म्हणेपर्यंत. मी तेव्हा खाटेवर घोरत होतो.

मला काय वाटलं ते कसं सांगू? पहिल्यांदा राग आला. दहा वर्षं मला फसवलं! मग ध्यानात आलं की त्याने कुठे फसवलं? मी त्याला तोंडाने विचारलंच नव्हतं, शॉपच्या सवयीने हाताने विचारलं होतं. कानाशी बोट नेऊन मनगट फिरवायचं, याचा आमच्याकडे अर्थ ‘कळलं का?’ ‘ऐकलं का?’ अशी खूणच आम्ही कधी केली नाही, कारण हॅमरपुढे कुणालाच काही ऐकू येत नाही. मी विचारलं, कळलं का. तो म्हणाला, कळलं. आमच्यातला एकही माणूस याहून शहाण्यासारखं विचारू शकला नसता, आणि त्याने खरंच उत्तर दिलं होतं. मी वहिनींना विचारलं, “मग त्याला कधी वाईट नाही वाटलं?” त्या म्हणाल्या, “मी बी विचारलं होतं, जुव्यावरच. तर म्हणाले, ‘त्यो दम ह्या दोघांच्या नुसता कानाला लागला, माझ्या अंगाला लागला.’ आन् हसले.” मग वहिनी रडल्या, मी त्यांना रडू दिलं. सांत्वन मला कधी जमलं नाही.

निघावं म्हणून मी उठायला लागलो. वहिनी स्टोव्हपाशी गेल्या, वळल्या, तोंड नीट माझ्याकडे करून, एकेक अक्षर ओठांवर ठेवत, अख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “च्या... टाकू... का?” दहा बाय दहाची खोली, मी हातभर अंतरावर. त्या घरात आता मोठ्याने बोलावं असं कुणी उरलेलं नाही. त्यांच्याही ते लक्षात आलं. काडेपेटी हातात तशीच राहिली आणि त्या माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मी छाती भरून श्वास घेतला आणि त्यांच्याहून मोठ्याने ओरडलो, “टाका वहिनी, टाका!”